मूत्रपिंडाचा कॅन्सर आणि पेशींवरचा ताण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात फार टेन्शन होतं. त्यामुळेच किडनीचा कॅन्सर झाला का?

नाही. मनावरचा ताण आणि पेशीवरचा ताण या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे घोटाळा होतो. रुग्णाने किंवा घरच्यांनी स्वतःला दोष देण्याचं काहीही कारण नाही. या आजाराचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी ठाऊक आहेत: धूम्रपान, लठ्ठपणा, वर्षानुवर्षं चढलेला रक्तदाब, दीर्घकाळचं डायलिसिस, कारखान्यांत धातूवरचं ग्रीस काढायला वापरलं जाणारं ट्रायक्लोरोइथिलीन, आणि काही घराण्यांत आनुवंशिक दोष.

या पानावर जो ताण म्हटला आहे, तो एका पेशीच्या आतला आहे. ऑक्सिजन कमी पडणं, अन्न कमी पडणं, प्रथिनांची घडी चुकणं, रासायनिक गंज (ऑक्सिडेशन) चढणं, असा.

पेशी अशा ताणाला काय उत्तर देते?

प्रत्येक प्रकारच्या ताणाला पेशीची वेगळी यंत्रणा आहे. ऑक्सिजन कमी पडला की 'हिफ' नावाची प्रथिनं जागी होतात. ऑक्सिडेशनचा मारा वाढला की 'एनआरएफ-२' हे प्रथिन संरक्षक जनुकं चालू करतं. प्रथिनांच्या घड्या बिघडल्या की आंतर्द्रव्यजालिका (प्रथिनं घडवणारा पेशीचा भाग) नवीन प्रथिनं बनवण्याचा वेग कमी करते आणि जुना माल निस्तरते. अन्न तुटलं की वाढीची सूचना देणारं 'एमटॉर' हे प्रथिन थंडावतं, वाढ थांबते आणि पेशी स्वतःचेच जुने भाग लयकारिकेत (पेशीच्या पचनाच्या पिशवीत) पचवून गुजराण करते. याला ऑटोफॅजी म्हणतात.

या यंत्रणा शत्रू नाहीत. त्यांच्याशिवाय आपण एक दिवस जगणार नाही. फक्त त्या गरजेपुरत्या चालू होऊन बंद व्हायला हव्यात. मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये नेमकी बंद होण्याची सोय मोडते. ताण नसतानाही पेशी ताणात असल्यासारखी वागत राहते, आणि त्या वागण्यातूनच गाठ वाढते.

हे मूत्रपिंडातच इतकं का दिसतं?

मूत्रपिंड हा कायम काठावर जगणारा अवयव आहे. हृदयाने पंप केलेल्या रक्तापैकी २० ते २५ टक्के रक्त दोन मुठींएवढ्या या जोडीकडे जातं. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला जवळजवळ सगळा नलिकांमधून परत शोषला जातो. या शोषणाला ऊर्जा लागते, म्हणून नलिकांच्या पेशी तंतुकणिकांनी, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांनी, खच्चून भरलेल्या असतात.

गंमत अशी की एवढं रक्त येऊनही आतल्या गाभ्यात ऑक्सिजनचा दाब जेमतेम १० ते २० मिलिमीटर (पाऱ्याचा) असतो, तर बाहेरच्या थरात तो ५० च्या आसपास. लघवी घट्ट करण्यासाठी गाभ्यातली रक्ताभिसरणाची रचनाच तशी आहे. शरीरातल्या ऑक्सिजनची टंचाई ओळखून लाल पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरकही इथेच बनतं. थोडक्यात, ऑक्सिजन मोजण्याचं काम या अवयवाच्या रोजच्या धंद्याचा भाग आहे. बिघाडही तिथेच होतो.

ऑक्सिजन कमी झाला हे पेशीला कळतं कसं?

हे नीट समजून घ्या, कारण पुढची बहुतेक औषधं याच साखळीवर बेतलेली आहेत.

पेशी हिफ-अल्फा हे प्रथिन सतत बनवत असते आणि सतत मोडत असते. ऑक्सिजन पुरेसा असला तर ते पाच मिनिटंही टिकत नाही. प्रोलिल हायड्रॉक्सिलेज नावाची विकरं (एन्झाइम) हिफ-१ अल्फाच्या ४०२ आणि ५६४ क्रमांकाच्या प्रोलिन या अमिनो आम्लावर ऑक्सिजनचा एक अणू बसवतात. या कामाला चार गोष्टी लागतात: ऑक्सिजन, लोह, व्हिटॅमिन सी आणि २-ऑक्सोग्लुटारेट. अणू बसला की ती खूण व्हीएचएल प्रथिन ओळखतं, हिफला पकडतं, त्यावर युबिक्विटिनची साखळी, म्हणजे 'मोडीत काढा' अशी चिठ्ठी, चढवतं आणि मग प्रोटिएसोम हे प्रथिनं मोडणारं यंत्र त्याचा भुगा करतं.

ऑक्सिजन नसला तर खूण बसत नाही. व्हीएचएल हिफला ओळखत नाही. हिफ साठतं, केंद्रकात जातं आणि शेकडो जनुकं चालू करतं. हा उलगडा करणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातला मोठा धागा मूत्रपिंडाच्या कॅन्सरमधूनच हाती आला होता.

मग व्हीएचएल बिघडलं की काय होतं?

ऑक्सिजन भरपूर आहे, खूणही बसते आहे, पण ती ओळखणारंच कोणी नाही. हिफ साठतच राहतं. पेशी हिमालयाच्या शिखरावर असल्यासारखी वागते. ती नव्या रक्तवाहिन्या मागवणारं व्हीईजीएफ सोडते, साखर ओढून घेणारे दरवाजे वाढवते, तंतुकणिकांचा वापर कमी करून साखर अर्धवट जाळते, आणि आम्ल बाहेर फेकण्यासाठी सीए-९ हे प्रथिन पृष्ठभागावर आणते. काही रुग्णांत एरिथ्रोपोएटिनही जास्त बनतं आणि हिमोग्लोबिन कारण नसताना चढतं. अर्थात या आजारात हिमोग्लोबिन उतरलेले रुग्ण चढलेल्यांपेक्षा पुष्कळ जास्त.

मूत्रपिंडाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७५ टक्के क्लिअर सेल प्रकारचे असतात, आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक गाठींत तिसऱ्या गुणसूत्राची लहान भुजा हरवलेली असते. व्हीएचएल त्याच भुजेवर आहे. त्याच्या शेजारीच पीबीआरएम-१, सेट-डी-२ आणि बॅप-१ ही आणखी तीन राखणदार जनुकं आहेत. एक तुकडा गेला की चारही जनुकांची एकेक प्रत जाते. गाठींच्या जनुकीय इतिहासाच्या अभ्यासात दिसलं आहे की हा तुकडा बहुधा बालपणात किंवा किशोरवयातच, मोजक्या पेशींत हरवतो. गाठ दिसायला पुढे तीस-चाळीस वर्षं जातात. 'गेल्या वर्षी काय खाल्लं' या प्रश्नात उत्तर शोधू नये, ते यासाठी.

एक बारकावा. हिफ-१ आणि हिफ-२ ही भावंडं असली तरी इथे त्यांची कामं उलटी आहेत. गाठ वाढवणारं मुख्यतः हिफ-२. हिफ-१ कित्येकदा तिला आवर घालतं, आणि पुष्कळ गाठी चौदाव्या गुणसूत्राचा भाग गमावून ते फेकूनही देतात. म्हणून आजचं औषध नेमकं हिफ-२ वर आहे.

व्हीएचएल बिघडलं की कॅन्सर ठरलेलाच का?

नाही, आणि याचं उत्तम उदाहरण रशियातल्या चुवाशियात आहे. तिथल्या काही लोकांत व्हीएचएलच्या दोन्ही प्रतींमध्ये २०० व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन असतं. त्यांचं रक्त जन्मापासून दाट असतं, गुठळ्यांचा धोका असतो, पण मूत्रपिंडात गाठी होत नाहीत. त्यांचं व्हीएचएल अर्धवट काम करतं. म्हणजे यंत्रणा किती बिघडली याला महत्त्व आहे, आणि कॅन्सरसाठी शेजारची जनुकंही जावी लागतात.

'क्लिअर सेल' म्हणजे काय? पेशी खरंच रिकाम्या असतात का?

सूक्ष्मदर्शकाखाली रिकाम्या दिसतात, पण असत नाहीत. गाठ कापली की ती पिवळीधमक, सोनेरी दिसते. मधेमधे रक्तस्रावाचे लाल-तपकिरी डाग. तो पिवळा रंग चरबीचा. पेशी चरबीच्या थेंबांनी आणि ग्लायकोजेनने (साखरेच्या साठ्याने) गच्च भरलेली असते. स्लाइड बनवताना ऊती अल्कोहोल आणि झायलीनमधून जाते. त्यात चरबी विरघळून निघून जाते, ग्लायकोजेनही धुपतं, आणि मागे पातळ कड असलेली पांढरी पोकळी उरते.

ही चरबी साठते कारण हिफमुळे ती तंतुकणिकेत नेऊन जाळण्याचा रस्ता बंद होतो. पण नुसती साठवण एवढाच मामला नाही. हिफ-२ चरबीच्या थेंबांवर पेरिलिपिन-२ नावाच्या प्रथिनाचं आवरण चढवतं. प्रयोगशाळेत हे प्रथिन काढून टाकलं की आंतर्द्रव्यजालिकेवरचा ताण वाढतो आणि कॅन्सरच्या पेशी मरतात. म्हणजे ही चरबी त्या पेशीची शॉक-अॅब्झॉर्बर आहे.

याची दुसरी बाजू फार महत्त्वाची. याच हिफ-२ मुळे पेशीत चटकन खवट होणारी, बहुअसंतृप्त चरबी वाढते. लोहाच्या सान्निध्यात ती चरबी ऑक्सिडाइझ झाली की पेशी फुटते; या मरणाला फेरोप्टोसिस म्हणतात. क्लिअर सेल पेशी त्यापासून वाचण्यासाठी ग्लुटाथायोन या गंजरोधक रेणूवर आणि जीपीएक्स-४ या विकरावर विलक्षण अवलंबून असतात. जीपीएक्स-४ बंद करणारी रसायनं प्रयोगशाळेत या पेशी झपाट्याने मारतात. दवाखान्यात देण्याजोगं औषध अजून नाही. अडचण उघड आहे: निरोगी मूत्रपिंडालाही जीपीएक्स-४ लागतंच.

सगळे मूत्रपिंडाचे कॅन्सर याच वाटेने जातात का?

नाही. निदान नुसतं 'आरसीसी' (रीनल सेल कार्सिनोमा, मूत्रपिंडाच्या पेशींचा कॅन्सर) एवढंच लिहिलेलं असेल तर ते अपुरं आहे.

एफएच जनुक बिघडलेल्या प्रकारात फ्युमारेट हे रसायन पेशीत साठतं. ते दोन उद्योग करतं. एक, प्रोलिल हायड्रॉक्सिलेज दडपतं, म्हणजे व्हीएचएल शाबूत असूनही हिफ साठतं. दुसरं, कीप-१ या प्रथिनाला चिकटून त्याला निकामी करतं. कीप-१ चं काम एनआरएफ-२ ला मोडणं. ते थांबलं की गंजरोधक यंत्रणा कायमची चालू. हा प्रकार आक्रमक असतो, लहान गाठही लवकर पसरते. अशा घराण्यांत त्वचेवर दुखऱ्या गुठळ्या आणि बायकांना विशी-तिशीतच गर्भाशयाच्या मोठ्या गाठी दिसतात. आईचं, मावशीचं किंवा आत्याचं तरुणपणीच फायब्रॉइडसाठी ऑपरेशन झालं असेल, तर किडनीच्या डॉक्टरांना ते जरूर सांगा. बहुतेक जण हे सांगतच नाहीत, कारण दोन्हींचा संबंध असेल असं कोणाला वाटत नाही.

एसडीएच जनुक बिघडलेल्या गाठींत सक्सिनेट साठतं आणि साधारण तीच कथा घडते. एफएलसीएन जनुक बिघडलं की, आणि टीएफई-३ किंवा टीएफईबी जनुकाची अदलाबदल झालेल्या गाठींत, लयकारिकांचा आणि उपासमारीला तोंड देण्याचा कार्यक्रम अकारण चालू राहतो. टीएफई-३ चा प्रकार मुलांत आणि तरुणांतही दिसतो.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये यातलं काय दिसतं?

हिफ स्वतः सहसा तपासत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ते मिनिटांत तयार होतं आणि मिनिटांत मोडतं. ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी बांधल्यापासून ऊती फॉर्मलिनमध्ये पडेपर्यंतच्या वेळात त्याचं प्रमाण बदलतं. त्याऐवजी सीए-९ पाहतात, कारण ते टिकाऊ आहे. क्लिअर सेल प्रकारात पेशीची चारही बाजूंची कड रंगते, चौकट आखल्यासारखी. क्लिअर सेल पॅपिलरी या बऱ्याच सौम्य गाठीत वरची कड कोरी राहते आणि पेल्यासारखा आकार दिसतो. ही दोन नावं एकमेकांसारखी आहेत, पुढचा प्रवास मात्र अगदी वेगळा. नाव शेवटपर्यंत वाचा.

एफएच प्रथिन 'लॉस्ट' (हरवलेलं) आणि टू-एससी, म्हणजे फ्युमारेट प्रथिनांना चिकटल्याची खूण, 'पॉझिटिव्ह' असेल तर फ्युमारेटचा प्रकार. एसडीएचबी 'लॉस्ट' असेल तर सक्सिनेटचा.

चुका कुठे होतात तेही पाहा. आख्खं मूत्रपिंड न कापता लहान बरणीत ठेवलं तर फॉर्मलिन आतपर्यंत पोचत नाही आणि मधला भाग सडतो. नमुना आधी उभा चिरायला हवा आणि १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन नमुन्याच्या दहापट तरी हवं. दुसरी चूक हाडात पसरलेल्या आजाराच्या बायोप्सीत होते. हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं की डीएनए तुटतो आणि जनुकीय तपासणी फसते. जनुकीय तपासणी करायची असेल तर तीव्र आम्लाऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरायला आधीच सांगावं लागतं.

पॅराफिनचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा, ही तुमची ठेव आहे. दुसऱ्या रुग्णालयात जाताना नुसत्या स्लाइड नेऊ नका, ब्लॉकही मागून घ्या.

आनुवंशिक तपासणी कोणी करावी?

वय ४६ किंवा त्याहून कमी असेल, दोन्ही मूत्रपिंडांत किंवा एकातच अनेक गाठी असतील, जवळच्या नात्यात हा आजार असेल, किंवा रिपोर्टमध्ये वर सांगितलेली एफएच किंवा एसडीएचची खूण असेल, तर करावीच. रक्ताच्या नमुन्यावर व्हीएचएल, एफएच, एफएलसीएन, मेट, एसडीएच गट, बॅप-१, टीएससी-१, टीएससी-२ आणि पीटीईएन असं पॅनेल होतं.

इथे तीन खाचखळगे आहेत. एक, व्हीएचएलचा मोठा तुकडा गाळला गेलेला असेल तर साध्या वाचनात तो निसटू शकतो. लॅबला 'डिलिशन-डुप्लिकेशन पाहता का' असं विचारा. दोन, 'अर्थ अनिश्चित' असा निकाल आला तर त्यावरून घरातल्या मुलांबद्दल कोणताही निर्णय घेऊ नका. तीन, गाठीत सापडलेलं व्हीएचएल म्युटेशन आणि रक्तातलं म्युटेशन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाठीत ते बहुतेकांना सापडतंच. ते मुलांकडे जात नाही.

रक्तात दोष सापडला तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. व्हीएचएल जनुकाचा दोष जन्मापासूनच असणं म्हणजे व्हीएचएल आजार; तो साधारण ३६,००० जन्मांमागे एकाला असतो. त्यात डोळ्यांची तपासणी तान्हेपणापासून सुरू करतात, मेंदू आणि मणक्याचा एमआरआय ११ व्या वर्षापासून, पोटाचा १५ व्या वर्षापासून, दोन्ही दर दोन वर्षांनी. मूत्रपिंडातली गाठ ३ सेंटिमीटर होईपर्यंत सहसा लक्ष ठेवतात आणि मग फक्त गाठ काढतात. एफएच घराण्यात ही ३ सेंटिमीटरची सवलत नाही. तिथे गाठ दिसली की लवकर आणि भोवतालच्या भागासह काढतात.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात कॅन्सर आनुवंशिकतेचा दवाखाना आहे. तपासणीआधी समुपदेशन घ्या, निकाल आल्यावर नव्हे.

औषधं या साखळीत कुठे घाव घालतात?

सुनिटिनिब, पाझोपानिब, ॲक्सिटिनिब, कॅबोझँटिनिब आणि लेनव्हॅटिनिब ही हिफने मागवलेल्या रक्तवाहिन्यांची वाट अडवतात. एव्हरोलिमस एमटॉर दडपतं. निव्होलुमॅब, इपिलिमुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब प्रतिकारशक्तीवरचे लगाम सोडतात. पसरलेल्या क्लिअर सेल आजारात आज पहिल्या फेरीत बहुतेकदा जोडी देतात: दोन इम्युनोथेरपी, किंवा एक इम्युनोथेरपी आणि एक गोळी.

गोळ्यांच्या बाबतीत बारीकसारीक गोष्टींनीच फरक पडतो. कॅबोझँटिनिबच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. पाझोपानिब जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर. सोबत ॲसिडिटीची ओमेप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर पाझोपानिब नीट शोषलं जात नाही. कॅन्सरच्या या गोळ्या 'पोटाला त्रास नको म्हणून' जेवणाबरोबर घेतल्या तर उलट रक्तातलं प्रमाण वाढतं आणि त्रासही वाढतो. रक्तदाब चढतो, कारण व्हीईजीएफ निरोगी वाहिन्यांनाही सैल ठेवत असतं. पहिले काही आठवडे घरी रोज मोजून वहीत लिहा आणि सलग १४०/९० च्या वर राहिला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा. थायरॉइडची तपासणी मधून मधून हवीच. दात काढायचा असला तरी डॉक्टरांना विचारा; कॅबोझँटिनिब किमान तीन आठवडे आधी थांबवावं लागतं, नाहीतर जखम भरत नाही.

बेल्झुटिफान काय आहे?

थेट हिफ-२ वर बसणारं पहिलं औषध. हिफ-२ च्या रेणूत एक छोटी पोकळी आहे. औषध तिथे बसलं की हिफ-२ ला आपला जोडीदार धरता येत नाही. अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये व्हीएचएल आजारासाठी आणि डिसेंबर २०२३ मध्ये, इम्युनोथेरपी आणि व्हीईजीएफरोधक गोळ्या घेऊन झालेल्या प्रगत आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. मात्रा १२० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा.

त्याचे दुष्परिणाम पाहिले की वरचं सगळं शास्त्र डोळ्यांसमोर येतं. हिफ-२ अडवलं की एरिथ्रोपोएटिन घटतं, म्हणून व्हीएचएलच्या दहापैकी नऊ रुग्णांचं हिमोग्लोबिन उतरतं. ८ च्या खाली गेलं तर औषध थांबवतात, वर आल्यावर पुन्हा, गरजेनुसार कमी मात्रेत, सुरू करतात. ऑक्सिजनही घटू शकतो. कोविडच्या वेळी घेतलेला पल्स ऑक्सिमीटर कपाटातून काढा. बसल्या जागी ८८ च्या खाली आकडा आला तर गोळी घेऊ नका आणि लगेच रुग्णालय गाठा. नेलपॉलिश किंवा गार बोटांमुळे आकडा खोटा कमी येतो, तेवढं आधी तपासा. दम लागत नाही म्हणून आकड्याकडे दुर्लक्ष करू नका.

गर्भाला हे औषध घातक आहे आणि संततिनियमनाच्या हार्मोनच्या गोळ्यांचा परिणामही ते कमी करतं. म्हणून निरोध किंवा दुसरं बिनहार्मोनचं साधन वापरावं लागतं.

सुरुवातीला गाठ लहान झाली, मग औषध चालेनासं का झालं?

कारण औषध हाही पेशीला एक ताणच आहे, आणि या पेशी ताणात जगायला शिकलेल्या आहेत. रक्तवाहिन्या कमी झाल्या की अन्न तुटतं. पेशी प्रथिननिर्मिती आवरते, एटीएफ-४ या प्रथिनामार्फत अमिनो आम्लं गोळा करणारी जनुकं चालू करते आणि ऑटोफॅजी वाढवते. सुनिटिनिब तर लयकारिकेत जाऊन अडकतं, म्हणजे पेशीत असूनही कामाच्या ठिकाणी पोचत नाही. हिफ-२ रोधक औषधांत काही गाठींनी ३२३ व्या जागी एकच अमिनो आम्ल बदलून ती पोकळीच बुजवल्याचं आढळलं आहे.

मग या दुसऱ्या यंत्रणाही बंद कराव्यात, हा विचार साहजिक आहे. पण प्रत्येक वेळी तो फळत नाही. या पेशी ग्लुटामिन या अमिनो आम्लावर अवलंबून असतात म्हणून टेलाग्लेनास्टॅट हे ग्लुटामिनरोधक कॅबोझँटिनिबसोबत मोठ्या चाचणीत दिलं गेलं. आजार रोखण्यात काहीच भर पडली नाही. काचेच्या बशीत पेशीला एकच वाट असते. शरीरात तिला शेजारी पुरवठा करतात. 'प्रयोगशाळेत कॅन्सर मेला' अशी बातमी वाचताना हे ध्यानात ठेवा.

केमोथेरपी का देत नाहीत?

मूत्रपिंडाच्या नलिकेच्या पेशींचं मूळ कामच विषारी द्रव्यं बाहेर फेकणं. ते पंप कॅन्सरच्या पेशींतही शाबूत असतात आणि केमो बाहेर फेकली जाते. मोजून दिलेलं, मोठ्या मात्रेचं नेमकं रेडिएशन मात्र काही ठिकाणी उपयोगी पडतं.

अँटिऑक्सिडंट गोळ्या, व्हिटॅमिन सी, काढे घ्यावेत का?

गोळ्यांच्या रूपात, नाही. वर पाहिलंच की या पेशी स्वतःच गंजरोधक यंत्रणेच्या जोरावर जगतात. बाहेरून तीच रसद पुरवण्यात शहाणपण नाही. व्हिटॅमिन सी हिफ मोडणाऱ्या विकराला लागतं हे खरं, पण व्हीएचएलच नसेल तर खूण बसूनही उपयोग नाही. मोठ्या मात्रेतल्या व्हिटॅमिन सीचं शरीरात ऑक्झलेट होतं, आणि एकच मूत्रपिंड उरलेल्या माणसाला ते महागात पडतं. आवळा, लिंबू, पेरू, भाज्या रोजच्यासारख्या खा.

काढ्यांबाबत एक ठळक इशारा. ईश्वरी किंवा सापसंद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेलीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंडाच्या नलिका नासवतं आणि डीएनएवर आपली ओळखू येणारी खूण सोडून कॅन्सर घडवतं. बाल्कन देशांत हे सिद्ध झालं आहे. 'झाडपाला आहे, अपाय नाही' हे इथे खोटं ठरतं. चूर्णात काय आहे ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

क्रिएटिनिन वाढलंय, रक्त कमी आहे. नेफ्रॉलॉजिस्टनी (मूत्रपिंडतज्ज्ञांनी) डेसिडुस्टॅट सुचवलं तर?

हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे, आणि तो फारसा कोणी विचारत नाही. भारतात २०२२ मध्ये मान्यता मिळालेलं डेसिडुस्टॅट, तसंच रोक्साडुस्टॅट, ही औषधं प्रोलिल हायड्रॉक्सिलेज अडवून हिफ वाढवतात. त्यातून एरिथ्रोपोएटिन वाढतं आणि डायलिसिसच्या रुग्णांना सुईशिवाय हिमोग्लोबिन मिळतं. त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे. पण ज्याला हिफवर पोसलेला कॅन्सर आहे किंवा नुकताच होऊन गेला आहे, त्याला हिफ वाढवणारी गोळी का द्यायची? चालू कॅन्सरमध्ये या वर्गातली औषधं टाळतात. नेफ्रॉलॉजिस्ट आणि ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरतज्ज्ञ) वेगवेगळ्या रुग्णालयांत असले की हे निसटतं. दोघांच्या फाइलमध्ये एकमेकांची औषधांची यादी असू द्या. लोह, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि बी-१२ आधी तपासून घ्या. कित्येकदा उत्तर तिथेच असतं.

गाठ काढताना रक्तपुरवठा थांबवतात. त्याने उरलेलं मूत्रपिंड बिघडतं का?

थोडा धक्का बसतो. धमनीला क्लॅम्प (चिमटा) लावला की ऑक्सिजन तुटतो, आणि क्लॅम्प सुटला की अचानक आलेल्या ऑक्सिजनमुळे पुन्हा इजा होते. म्हणून क्लॅम्पचा काळ २५ ते ३० मिनिटांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. जास्त वेळ लागणार असेल तर बर्फाच्या चुऱ्याने मूत्रपिंड थंड करतात, म्हणजे पेशींची मागणीच घटते. तरीही पुढचं कार्य सर्वांत जास्त ठरतं ते किती निरोगी भाग वाचला यावर. ऑपरेशन नोटमध्ये क्लॅम्पची मिनिटं लिहिलेली असतात; ती प्रत जपून ठेवा.

ऑपरेशननंतर उरलेल्या मूत्रपिंडाला कसं जपायचं?

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घरातून काढूनच टाका. त्या आधीच ऑक्सिजनच्या काठावर असलेल्या गाभ्याचा रक्तपुरवठा आणखी आखडतात. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, सांगितलेल्या मात्रेत. जुलाब-उलट्या लागल्या तर रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं ते त्याच दिवशी फोन करून विचारा. रक्तदाब शक्यतो १३०/८० च्या आत ठेवा. क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिनही तपासा, कारण एकट्या क्रिएटिनिनवरून घसरण उशिरा कळते. तहानेपुरतं आणि थोडं जास्त पाणी पुरे. पाच-सहा लिटर पिण्याने मूत्रपिंड 'धुतलं' जात नाही. सीटी स्कॅनला जाताना ताजा ईजीएफआर हातात असू द्या आणि एकच मूत्रपिंड आहे हे तंत्रज्ञाला तोंडाने सांगा, नुसत्या फाइलवर विसंबू नका.